दाढीनंतरचा वास

गेल्या महिन्यात केडगावच्या आमच्या अभ्यासवर्गात एका मित्रानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय कविराज, आज कोणतं सेंट?" पोरं हसली. मीही हसलो. मग तो गंभीर होऊन म्हणाला, चळवळीतल्या माणसाच्या अंगाला घामाचा वास यावा, ही बाटल्यांची थेरं पांढरपेशांची. त्या दिवशी विषय होता मनुस्मृतिदहन. मला जागेवर उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डाळमिलात पोती उचलताना तेच डोक्यात घोळत होतं. घामाचा वास यावा म्हणे! अरे दोस्ता, तो येतोच. तो काय मी मागून आणलाय?

मी कॉलेजात गेलेलो नाही. दहावीला गणितात उडालो आणि मिल धरली. जे काही वाचलं ते विहारातल्या कपाटातून आणि नगरच्या वाचनालयातून. पण या प्रश्नाचा इतिहास मी माझ्या परीनं उकरला आणि माझी खात्री झाली की मित्राचा प्रश्न लहान नव्हता. आपल्या गालाला वस्तरा कुणी लावायचा, लावायचा की नाही, आणि आपल्या अंगाला वास कसला यावा, हे शेकडो वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात माझ्या आजापासून करतो. आजा १९४६ चा. गाव नगर तालुक्यातलंच. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून आमची माणसं राहतात. गावात न्हावी होता. आजा सांगायचा, "धोकटी काखंत मारून त्यो आमच्या वाड्याच्या कडंनं जायचा. पाटलाची म्हस भादरायचा, बैल भादरायचा. आमची डोकी न्हाई." वाड्यातल्या लोकांची हजामत आजाचा चुलता करायचा, झिजून बोथट झालेल्या वस्तऱ्यानं. कापलं की चुलीतली राख दाबायची. ते आमच्या घराण्याचं पहिलं आफ्टरशेव्ह.

आता यातली गंमत बघा. बलुतेदारीत न्हावीही बलुतेदार आणि महारही बलुतेदार. दोघंही गावचे नोकर, दोघंही सुगीला खळ्यावर उभे राहणारे. दोघांनाही पाटलापुढं वाकावं लागायचं. तरी एका नोकराचा हात दुसऱ्या नोकराच्या गालाला लागत नव्हता. आजाची आई बाळंतिणीची कामं करायची, सरपण फोडायची, चुलता मेलेली ढोरं ओढायचा. गावाला त्यांचे हात चालायचे, डोकं चालायचं नाही.

आजाची ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा वाटलं, हे आमच्याच गावचं दुर्दैव. पुढं बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं, १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं काढलं. त्यात साताऱ्याच्या लहानपणाची हकिगत आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही. सुभेदाराच्या घरात पैसे नव्हते असंही नाही. तरी भीमरावाचे केस थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून ती त्यात तरबेज झाली होती. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. सुभेदाराच्या पोराची जी गत, तीच माझ्या आजाच्या बापाची. हुद्दा होता, पगार होता, तरी वस्तरा नव्हता.

पण न्हाव्याला एकट्याला शिव्या देऊन इतिहास संपत नाही. केडगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला दौंडजवळचं केडगाव आठवतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. आमचं ते नव्हे. आमचं केडगाव नगर शहराला चिकटलेलं, रेणुकामातेचं. तरी या गोष्टीत त्या केडगावचा उल्लेख करावा लागतो. त्या काळी ब्राह्मण विधवेचं डोकं भादरायची चाल होती, आणि ते पाप न्हाव्याच्या हातून करून घेत. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. पुढं त्यांचं काम त्या केडगावात गेलं. आणि १८९० मध्ये मुंबईतल्या शेकडो न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की यापुढं विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. यामागं जोतिरावांचा सत्यशोधक विचार होता आणि नारायण मेघाजी लोखंडे होते. हेच लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक, आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना त्यांनीच उभी केली. त्यांच्याच झुंजीमुळं १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. म्हणजे आज मी रविवारी निवांत आरशासमोर बसतो, तो रविवारही लोखंड्यांनी मिळवलेला.

दोस्तांनो, हा संप मला फार मोठा वाटतो. हातावर पोट असलेल्या माणसानं वरच्या जातीला तोंडावर सांगितलं, हे काम करणार नाही. पण दुसऱ्याच वर्षी, १४ एप्रिल १८९१ ला, भीमराव जन्मले, आणि साताऱ्याच्या न्हाव्याचा वस्तरा त्यांच्यासाठी उघडला नाही. एकाच दशकातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. वरच्याला 'नाही' म्हणायची हिंमत वस्तऱ्याला आली, पण खालच्याला 'ये, बस' म्हणायची आली नाही. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला खाली ढकलायला कुणीतरी दिलेलं असतं, म्हणून जिना कोसळत नाही.

आता वासाकडं येतो. या देशात सुगंधाचं शास्त्र फार जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचं प्रकरणच आहे. त्यात हिशेब आहे की सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहितो, त्यात राजाच्या स्नानाचे आणि उटण्या-विलेपनाचे सोहळे सांगितलेत. 'गंधवाद' नावाच्या एका जुन्या ग्रंथावर तर मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी ती उजेडात आणली. म्हणजे वाळा कसा कुटावा, कापूर किती घालावा, हे आपल्या मायबोलीत शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. फक्त वाचायला आपण नव्हतो.

आपल्यासाठी वेगळा ग्रंथ होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय नेसावं ते लिहिलंय : मेलेल्या माणसांचे कपडे. खायला फुटकी भांडी, दागिने लोखंडाचे. एकीकडं सोळा द्रव्यांचे १८२० सुगंध आणि दुसरीकडं प्रेतावरचं वस्त्र. त्यावर ढोर ओढायचं काम. आधी आमच्या हातात मेलेलं जनावर द्यायचं, मग नाकाला पदर लावायचा, आणि मग सांगायचं की हा वास यांच्या जन्माचाच आहे. काम लादलं त्यांनी. वास मात्र आमचा ठरला.

म्हणून महाडला १९२७ मध्ये फक्त पाण्याची लढाई झाली नाही. मृत जनावराचं मांस सोडा, हे मार्चच्या परिषदेतच बाबासाहेबांनी सांगितलं. डिसेंबरात मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत जमलेल्या बायांना सांगितलं की लुगडं नीट नेसा, अंगावरचं जातीची खूण सांगणारं पितळ-कथील टाका, फाटकं असलं तरी स्वच्छ घाला. माझ्या मित्रानं त्या दिवशी दहनावर भाषण दिलं पण हे सांगितलं नाही. ज्या परिषदेत ग्रंथ जळला, त्याच परिषदेत अंगावरच्या कपड्याचीही गोष्ट निघाली होती. बाबासाहेबांना ती क्षुल्लक वाटली नाही.

पुढं २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर झालं. त्याच दिवशी दुकानांत प्रवेशाच्या कलमावरही चर्चा झाली. दुकान म्हणजे काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी अर्थ रुंद करून सांगितला : जिथं कुणी येणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला बसलाय ते दुकान. त्या अर्थात न्हाव्याची खुर्ची आपोआप येते. साताऱ्याच्या ओट्यावर बहिणीसमोर मान खाली घालून बसलेलं पोर त्या दिवशी दिल्लीत उभं राहून दुकानाची व्याख्या करत होतं, असं मला वाटतं. १९५५ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळालं. सेवा नाकारणं हा गुन्हा ठरला.

पण कायदा गावात पोचायच्या आधी आजा मुंबईला पोचला. १९६५ साल, वय एकोणीस. गिरणीत रिंग खात्यात लागला. गिरण्यांचाही एक इतिहास आहे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला होता. थुंकीची बाट, हाताची बाट, सावलीची बाट. शहरातही जात होती. पण शहरात एक गोष्ट गावात नव्हती : अनोळखी न्हावी.

आजानं ती गोष्ट मला कमीत कमी वीस वेळा सांगितली असेल. डिलाईल रोडला एक सलून. आजा तीन रविवार नुसता समोरून फेऱ्या मारून आला. चौथ्या रविवारी आत शिरला. खुर्चीत बसला तेव्हा पाय लटपटत होते. वाटलं, आता नाव विचारील, गाव विचारील, मग उठवील. उत्तरेकडचा भय्या होता तो. त्यानं विचारलं फक्त, "दाढी के कटिंग?" गरम पाणी, साबणाचा फेस, वस्तरा. मग तुरटीचा खडा फिरवला. मग हातावर कसलं तरी रंगीत पाणी ओतून दोन्ही गालांवर थापटलं. आजा म्हणायचा, "पोरा, जळालं लई. पर डोळ्यात पानी आलं त्ये जळल्यामुळं न्हाई. परक्या मानसाचा हात पयल्यांदा गालाला लागला व्हता. मारायसाठी न्हाई, तसाच."

१९८१ च्या दिवाळीच्या बोनसातून आजानं ओल्ड स्पाइसची एक बाटली घेतली. पांढरी, वर जहाजाचं चित्र. दोन महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आजा त्यात होता. भांडी विकली, आजीची डोरली गेली. १९८३ मध्ये सगळं बिऱ्हाड नगरला परत. बाटली तेव्हाही पत्र्याच्या पेटीत होती. त्यातलं थेंब थेंब आजानं दहा वर्षं पुरवलं, फक्त चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. रिकामी बाटली २०१९ मध्ये त्याच्या पेटीत सापडली. बूच काढलं. वास येतो अजून, अगदी पुसट. तो म्हणायचा, "ह्या बाटलीनं कवा माझी जात इचारली न्हाई."

त्या बाटलीमागचा इतिहासही मी शोधला. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ पासून फारिना नावाच्या घराण्यानं सुगंधी पाणी विकलं, ते राजेरजवाडे वापरायचे. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशातून सैनिकांना अँथ्रॅक्सची लागण झाली, म्हणजे दाढीचं कापणं काही किरकोळ नसतं. अमेरिकेत शुल्टन कंपनीनं १९३८ मध्ये पुरुषांसाठी ओल्ड स्पाइस काढलं. आपल्याकडं ते गोव्यात तयार व्हायचं. कोलोनच्या राजांपासून डिलाईल रोडच्या चाळीपर्यंत यायला त्या पाण्याला पावणेतीनशे वर्षं लागली.

आता माझं. रोज साडेचारशे, महिन्याचे सव्वीस दिवस. घरात सगळे दिले की माझ्या हातात जे उरतं त्यातले साठ रुपये मी या नादाला ठेवतो. वहीत हिशेब आहे. साठ रुपयांत नवीन वास कसे बघायचे, हे कुणाला हवं असेल तर सांगतो. तुरटीचा खडा दहा रुपयांना, वर्षभर पुरतो. रक्त थांबवतो, कातडी आवळतो. गुलाबपाण्यात वाळ्याची जुडी दोन दिवस बुडवली की उन्हाळ्यातली संध्याकाळ गालावर येते. कापराचा कण टाकला तर थंड. नगरच्या कापडबाजाराकडं अत्तरवाला बसतो, तो कापसाचा फाया फुकट देतो. फाया कानात ठेवून दिवसभर फिरायचं, कारण अत्तराचा पहिला वास फसवा असतो, खरा दोन तासांनी कळतो. आवडलं तरच तीन मिलीची कुपी घ्यायची. बाटलीतलं आफ्टरशेव्ह हवं तर चौघांनी मिळून एक घ्यायचं आणि औषधाच्या कुप्यांत वाटून घ्यायचं. किंवा दर महिन्याला नवीन सलून धरायचं. प्रत्येक न्हाव्याकडं वेगळी बाटली असते, दाढीच्या पैशात नवा वास. माझ्याकडं सध्या सहा वस्तू आहेत. दोन-दोनची जोडी लावली तर पंधरा वास होतात. गणितात उडालेल्या माणसाला वराहमिहिराचं गणित एवढं तरी जमलं.

पण एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं होईल. दोन वर्षांपूर्वी शहरात भाड्यानं खोली बघायला गेलो होतो. त्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली. डाळीचा भुसा कानातून, नखातून काढला. महागातलं आफ्टरशेव्ह मित्राकडून मागून इतकं चोपडलं की रिक्षावाल्यानं वळून बघितलं. घरमालकानं खोली दाखवली, हसला, पाणी दिलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाला, घरी विचारून कळवतो. ते कळवणं अजून चाललंय. परत येताना मला त्या वासाचा इतका राग आला की केडगावच्या नळावर मी तोंड खसाखसा धुतलं.

त्या नळावर मला कळलं की त्या दिवशी मी वास लावला नव्हता, भीती लावली होती. घरमालकाच्या नाकानं मी स्वतःला हुंगत होतो. मनूनं जो वास आमच्यावर लिहिला तो मी मनातल्या मनात खरा मानला होता, म्हणून तर पुसायला धावलो. माझा मित्र जर एवढंच म्हणत असेल की बाटलीनं जात धुतली जात नाही, तर तो बरोबर आहे. एक हजार बाटल्या ओता, आडनाव तसंच राहतं.

मात्र तो म्हणतो घामाचा वास मिरवा, तेव्हा माझं भांडण आहे. घाम मिरवायला ज्याला रोज येत नाही त्याला बरं वाटतं. आणि आपल्या पोरानं नीटनेटकं राहणं इथं किती महाग पडतं ते आपल्याच जिल्ह्याला विचारा. खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं, कारण वरच्या जातीच्या मुलीशी त्याचं बोलणं आहे असा संशय. २०१७ मध्ये नगरच्या कोर्टात आरोपी सुटले. शिर्डीत मे २०१५ मध्ये एका तरण्या पोराचा जीव गेला, मोबाईलच्या रिंगटोनला बाबासाहेबांचं गाणं होतं म्हणून. एकाला नुकती मिसरूड फुटत होती. दुसऱ्याच्या खिशातला आवाज त्यांना सहन झाला नाही. आपल्या पोराचा भांग, शर्ट, चाल, हसणं, सगळ्यावर कुणाची तरी नजर असते. असल्या मुलखात रविवारी आरशासमोर बसून, शिट्टी वाजवत, आज गालाला वाळा की गुलाब हे आपल्या मर्जीनं ठरवणं याला मी तरी थेरं म्हणणार नाही.

हौसेनं लावलेला वास आणि भीतीनं लावलेला वास, बाटली एकच असली तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता लावलाय हे ज्याचं त्याला कळतं. मला हल्ली रोज कळतं.

आता कामाचं. २००६ मध्ये घनश्याम शहा आणि इतरांनी अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर पुस्तक काढलं. त्यात न्हाव्यानं सेवा नाकारण्याचा प्रकार ठिकठिकाणी सापडला. स्वातंत्र्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षं झाली होती. आपल्या तालुक्याचं काय, हे आपण सांगायला नको का? अभ्यासवर्गात मी ठराव मांडणार आहे. प्रत्येकानं आपापल्या मूळ गावी जायचं, सलूनात बसायचं, दाढी करायची, आणि तीन गोष्टी वहीत लिहून आणायच्या : खुर्ची दिली का, टॉवेल तोच दिला का, आणि आपल्या आजाची हजामत कोण करायचं. न्हाव्याशी भांडायला जायचं नाही. त्याला १८९० चा संप सांगायचा. त्याच्या आजाच्या आजानं काय केलं होतं ते त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

मी आजाच्या गावी जाणार आहे. तिथं आता मोठ्या काचेचं सलून झालंय म्हणतात. आजाची रिकामी बाटली खिशात घेऊन जाईन. दाढी झाल्यावर न्हावी विचारेल, काय लावू? तेव्हा त्याच्याकडच्या सगळ्या बाटल्या हुंगून बघणार आहे, एक एक करून, घाई न करता.

जयभीम.